उसन्या सामानावर एकट्याचा पहिला मुक्काम

डोंगरावर एकट्यानं रात्र काढायचं ठरलं की सामान बहुधा उसनंच गोळा होतं. कुणाच्या भावाची ७० लिटरची सॅक, कॉलेजच्या ग्रुपचा तिघांचा तंबू, जुनी फुगीर स्लीपिंग बॅग. ग्रुपमध्ये हा बोजा वाटला जातो, एकट्याला तो सगळा स्वतःच्याच पाठीवर घ्यावा लागतो. म्हणून कुठं जायचं हे ठरवण्याआधी सामानाचं वजन करा.

घरच्या काट्यावर आधी नुसते उभे राहा, मग भरलेली सॅक घेऊन. फरक तुमच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावा. ६० किलोच्या माणसाला १२ किलो पुष्कळ झालं. अशी जुनी सॅक रिकामीच अडीच किलो भरते, तंबू साडेतीन, स्लीपिंग बॅग दोन. त्यात तीन लिटर पाणी, म्हणजे तीन किलो. इथंच ११ किलो झाले आणि जेवण, कपडे, टॉर्च अजून बाहेरच आहेत.

कात्री सगळ्यात आधी स्टोव्हला लावा. एका रात्रीसाठी स्टोव्ह, गॅस आणि भांडी नेण्याची गरज नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि केळी एवढ्यात संध्याकाळचं जेवण आणि सकाळची न्याहारी भागते. जीन्स, जाड टॉवेल, दुसरी पॉवर बँक घरीच ठेवा. मॅट मात्र कधीच वगळू नका. रात्रीची थंडी वरून जितकी लागते तितकीच जमिनीतून चढते, आणि अंगाखाली दबलेली स्लीपिंग बॅग ऊब देत नाही.

बूट उसने घेऊ नका, मापाचे असले तरीही. ते दुसऱ्याच्या पावलाला बसलेले असतात. शिवाय वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या बुटांचा सोल आतून कुजतो आणि उतारावर अचानक उखडतो.

बाकी सामान घरीच तपासा. तंबू गच्चीवर एकदा एकट्यानं उभा करून बघा. पोलच्या आतली इलॅस्टिक दोरी सैल पडली असेल तर अंधारात जोड सुटत राहतात. पेग म्हणजे तंबूचे खुंटे मोजा, चेन दोन्ही बाजूंनी ओढून बघा. वरचं कापड आतून चिकट लागलं किंवा पापुद्रे सुटले तर त्याचं कोटिंग गेलंय, ते पावसात टिकणार नाही. सॅकच्या कमरपट्ट्याचं बकल जोरात ओढून बघा. ते वाटेत तुटलं तर सगळं वजन खांद्यावर येतं.

सॅक बसवण्याचा क्रम चुकला की खांदे दुखणारच. सगळे पट्टे सैल करून सॅक पाठीवर घ्या. कमरपट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर आवळा. मग खांद्याचे पट्टे ओढा, पण सॅक वर उचलली जाईल इतके नाही. त्यानंतर खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे ताणा आणि शेवटी छातीचा पट्टा लावा. वजनाचा मोठा भाग कमरेवर आला पाहिजे. सॅक उंच माणसाची असेल आणि पट्टे खांद्याला टेकतच नसतील, तर पाठीची लांबी कमी करायची सोय आहे का बघा. नसेल तर ती परत करा आणि दुसरी मागा. भरताना स्लीपिंग बॅग तळाशी, पाणी आणि जेवण पाठीला चिकटून मधोमध, हलकं सामान बाहेरच्या बाजूला.

सरावासाठी सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरा. जड झालं तर पाणी ओतून देता येतं. आधी कोल्हापुरात रंकाळा तलावाला एक फेरी, पुढच्या आठवड्यात जोतिबाच्या डोंगराची चढण. तेव्हा जिथं घासलं, तिथंच मुक्कामाच्या दिवशी फोड येणार.

ठिकाण निवडताना हौसेला लगाम घाला. दाजीपूर अभयारण्य आहे, रांगणा किल्ल्याभोवती दाट रान आहे, आजरा-चंदगड भागात हत्ती फिरतात. पहिल्या वेळी हे नको. गारगोटीजवळचा भुदरगड बरा: पायथ्याला पेठशिवापूर, वरपर्यंत गाडीरस्ता, गडावर भैरवनाथाचं देऊळ आणि तलाव. जमलं नाही तर रस्त्यानं सरळ उतरता येतं. महिना डिसेंबर किंवा जानेवारी निवडा. मुक्काम कुठं चालतो ते आधी गावात विचारा. गडावर मनाई असेल तर वाद घालू नका, पायथ्याच्या कुणाच्या तरी रानात परवानगी मागा. ‘मामा, आज रात्री हितं तंबू लावू काय?’ एवढं विचारलं की बहुतेक ठिकाणी जागाच काय, चहाही मिळतो. आणि तुम्ही कुठं आहात हे गावातल्या एका माणसाला ठाऊक राहतं, एकट्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

चार वाजेपर्यंत मुक्कामी पोचा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, पेग शिरत नाहीत, ठोकत बसलात तर वाकतील. दोरी मोठ्या दगडाला गुंडाळा, त्यावर दुसरा दगड ठेवा. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे करा आणि वरचं कापड ताणून बांधा. नाहीतर ते रात्रभर फडफडतं, आणि एकट्याची झोप बहुतेक वेळा त्याच आवाजानं उडते. दोन्ही बाजूंच्या चेना थोड्या उघड्या ठेवा, जाळी मात्र बंद, म्हणजे श्वासाची वाफ आत पाणी होऊन टपकणार नाही. तलावाचं पाणी क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास ठेवल्याशिवाय पिऊ नका. शेकोटी अजिबात नको, त्या दिवसांत गवत वाळलेलं असतं. अंधार पडल्यावर शेताच्या कडेनं फिरू नका, गवे पिकात उतरतात. बूट तंबूच्या आत ठेवा आणि सकाळी झटकूनच घाला.

निघण्याआधी घरच्यांना कागदावर लिहून द्या: ठिकाण, गावातला एखादा फोन नंबर, परतीची एसटी आणि ‘अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ लावा’ ही वेळ. रेंज मिळेल तिथून संध्याकाळी एक फोन करा, मग फोन बंद ठेवून बॅटरी वाचवा.

घरी आल्यावर तंबू त्याच दिवशी उघडा. दवानं ओला तंबू गुंडाळून ठेवला तर काही दिवसांतच बुरशी धरतो. तो सावलीत पूर्ण वाळवा, पेग पुन्हा मोजा, वाकलेले सरळ करा आणि स्लीपिंग बॅगला दिवसभर वारा द्या. काही तुटलं असेल तर परत करताना लपवू नका. पुढं ते सामान घेणाऱ्याला ते रात्री अंधारात कळू नये.