पट्ट्यांच्या चादरीवर लसावि

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत पाचवीला गणित शिकवते. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी नाहीतर शेजारी यंत्रमाग आहे. पहिल्या वर्षी मी ‘चादरीचं चित्र काढून रंगवा’ एवढंच सांगितलं. चित्रं छान आली, गणित कुणाच्याच पदरात पडलं नाही. आता मी आधी गणितातला प्रश्न ठरवते आणि मग अशी कला निवडते, जिच्यात आकडा चुकला की नक्षी बिघडते.

लसाविसाठी, म्हणजे लघुतम साधारण विभाज्य शिकवायला, कागदी विणकाम घ्या. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद चालतो. त्यात एक सेंटीमीटर रुंदीच्या 10 उभ्या पट्ट्या कापा, वरची कड मात्र जोडलेली ठेवा. आडव्या पट्ट्या दुसऱ्या रंगाच्या आणि सुट्या. कापाकापी आदल्या दिवशीच उरका, नाहीतर तासिका त्यातच जाते.

उभा तो ताणा, आडवा तो बाणा, असं मी सांगितलं तेव्हा एक मुलगा उठून म्हणाला, “बाई, हे तर पडुगु-पेक!” तो त्याच्या घरचा तेलुगू शब्द. मी फळ्यावर मराठी, तेलुगू, कन्नड असे तीन रकाने आखले आणि भाषेची तासिका तिथेच झाली.

आता आडवी पट्टी दोन पट्ट्यांवरून आणि एकीखालून न्यायला सांगा. शेवटी एक पट्टी उरते, काठ जुळत नाही. इथे तुम्ही गप्प बसा. मग एवढंच विचारा: किती पट्ट्या असत्या तर जुळला असता? 9, 12 अशी उत्तरं मुलंच देतात.

मग 24 पट्ट्यांचा ताणा घ्या. पहिली ओळ दोन वरून एक खालून, दुसरी तीन वरून एक खालून. दोन्ही ओळी एकाच पट्टीखालून जातात तिथे पेन्सिलीने खूण. खुणा 12व्या आणि 24व्या पट्टीवर येतात. ‘लसावि’ हा शब्द फळ्यावर लिहायचा तो आत्ता, त्याआधी नाही.

तपासताना नीटनेटकेपणाला गुण देऊ नका. तीन वरून एक खालून (4) आणि पाच वरून एक खालून (6) अशा दोन ओळींची पहिली खूण कुठे येईल ते विणण्याआधी लिहून घ्या, मग विणून पडताळू द्या.

सोलापुरी चादर जकार्ड मागावर विणतात. मागाला लावलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरची छिद्रं कोणता धागा उचलायचा ते ठरवतात. हे सांगितलं की मुलं घरी जाऊन पत्ते निरखतात.

इतिहासाला पोवाडा घ्या. इंग्रजांनी सोलापुरात लावलेला 1930 चा मार्शल लॉ, मग 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. घटनाक्रम चुकला तर कडवी जुळत नाहीत.

10 पट्ट्यांचा तो न जुळलेला तुकडाही भिंतीवर लावा. भागाकारातली बाकी शिकवताना मी त्याच्याकडेच बोट दाखवते.