जर्मनीतील दुकानाची पावती कशी घ्यावी, वाचावी आणि जपावी

मुलगा किंवा मुलगी जर्मनीत नोकरीला अथवा शिकायला असल्यामुळे अनेक मराठी आईवडील दोन-तीन महिने तिकडे राहायला जातात. घरची मंडळी कामावर गेली की दूध, पाव, भाजी आणायला त्यांना एकट्यानेच जावे लागते. खरेदी अवघड नसते, पण पावती जर्मन भाषेत असते आणि ती कागदावर घ्यायची की फोनवर, हे गल्ल्यापाशी उभे राहून क्षणात ठरवावे लागते. मोजके शब्द आधीच माहीत असले, तर हे काम निर्धास्तपणे करता येते.

घरून निघण्यापूर्वी फोनमधील भाषांतराच्या ॲपमध्ये जर्मन भाषा उतरवून ठेवावी, म्हणजे इंटरनेट नसतानाही कॅमेरा रोखून मजकूर वाचता येतो. मात्र पावतीवर वस्तूंची नावे तोडून छापलेली असल्याने तिथे केवळ ॲपवर विसंबू नये. दुकानात फळीवरील चिठ्ठीवर ठळक किमतीखाली बारीक अक्षरांत ‘ग्रुंडप्राइस’, म्हणजे किलोचा किंवा लिटरचा भाव, लिहिलेला असतो. लहान-मोठ्या पाकिटांची तुलना त्याच्यावरूनच करावी. किमतीत कर धरलेलाच असतो, गल्ल्यावर तो वेगळा लागत नाही.

पैसे दिल्यावर ‘ब्राउखेन झी डेन बोन?’ असे विचारतात. ‘बोन’ किंवा ‘कासेनबोन’ म्हणजे पावती. 1 जानेवारी 2020 पासून ती देणे दुकानदारावर कायद्याने बंधनकारक आहे, पण घेण्याची सक्ती ग्राहकावर नाही, आणि ग्राहकाची संमती असेल तर ती डिजिटल स्वरूपातही देता येते. लिडल किंवा रेवे यांसारख्या साखळी दुकानांच्या ॲपमध्ये, पैसे देताना ॲपमधील कोड दाखवला की, पावती खात्यात जमा होते. काही दुकानांत गल्ल्याच्या पडद्यावर क्यूआर कोड येतो आणि तो फोनने टिपला की पावती उघडते. अशी पावती तिथेच, गल्ला सोडण्याआधी, फोनमध्ये साठवून घ्यावी. कागदी पावतीवर छापलेल्या क्यूआर कोडचे काम मात्र बहुधा वेगळे असते. तो करखात्याच्या तपासणीसाठी असून त्यातून पावती फोनवर येईलच असे नाही. स्वतः स्कॅन करून पैसे देण्याच्या गल्ल्यावर तर कागद मागून घ्यावाच, कारण अनेक ठिकाणी बाहेर पडण्याचे फाटक पावतीवरील बारकोड दाखवल्यावरच उघडते.

पावती वाचताना प्रथम लक्षात घ्यावे की 1,49 म्हणजे एक युरो एकोणपन्नास सेंट, कारण तिथे दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. ‘झुमे’ ही एकूण रक्कम, ‘बार’ म्हणजे रोख, ‘गेगेबेन’ म्हणजे आपण दिलेले पैसे आणि ‘र्‍युकगेल्ट’ म्हणजे परत मिळालेली मोड. ‘राबाट’ ही सूट, तर ‘श्टोर्नो’ म्हणजे रद्द केलेली नोंद. किमतीपुढील ए किंवा बी हे अक्षर कराचा दर सांगते. बहुतेक खाद्यपदार्थांवर 7 टक्के आणि इतर बहुतेक वस्तूंवर 19 टक्के कर असतो. कोणते अक्षर कोणत्या दराचे, हे दुकानागणिक बदलते आणि पावतीच्या तळाशी दिलेले असते.

सर्वाधिक गोंधळ होतो तो ‘प्फांट’ या ओळीमुळे. पाण्याची बाटली घेतली की किमतीखाली आणखी 0,25 दिसतात आणि जास्त पैसे लावले असे वाटते. ही बाटलीची अनामत असते. एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्यांवर आणि पेयांच्या पत्र्याच्या डब्यांवर ती 25 सेंट असते, तर पुन्हा भरल्या जाणाऱ्या बाटल्यांवर साधारणपणे 8 किंवा 15 सेंट. रिकामी बाटली चेपू नये आणि तिचे लेबल काढू नये, कारण यंत्र त्यावरील खूण वाचते. सुपरमार्केटमधील यंत्रात बाटल्या घातल्या की एक चिठ्ठी मिळते. ती त्याच दुकानाच्या गल्ल्यावर दिली की रक्कम बिलातून वजा होते किंवा रोख मिळते. वजा झालेली रक्कम पावतीवर ‘लेअरगूट’ या शब्दासमोर उणे चिन्हाने दिसते.

वस्तू बदलून घेण्याला ‘उमटाउश’ म्हणतात. दुकानातून घेतलेली निर्दोष वस्तू केवळ आवडली नाही म्हणून परत करण्याचा कायदेशीर हक्क तिथे नाही. ती सवलत दुकानदाराच्या मर्जीवर असते, म्हणून मुदत आधीच विचारावी. कागदी पावतीची छपाई काही महिन्यांत पुसट होते, तेव्हा महाग वस्तूच्या पावतीचा फोटो त्याच दिवशी काढावा.

कराचा परतावा हवा असेल, तर साधी पावती पुरत नाही. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या पाहुण्याला 50 युरोहून अधिकच्या खरेदीवर तो मिळू शकतो. तिथे वास्तव्याचा परवाना घेऊन राहणाऱ्या मुलामुलींना मात्र तो मिळत नाही, म्हणून खरेदी आईवडिलांच्या पासपोर्टवर करावी आणि दुकानातच निर्यातीचा अर्ज भरून घ्यावा. सोबत कागदी पावतीच मागावी असे मी आवर्जून सुचवेन. खरेदीच्या महिन्यानंतर तीन महिन्यांच्या आत वस्तू संघाबाहेर नेल्या पाहिजेत. परतीचे विमान ॲमस्टरडॅमहून असेल, तर अर्जावरील कस्टमचा शिक्काही तिथेच घ्यावा लागतो. कस्टमचे अधिकारी वस्तू पाहायला मागतात, म्हणून ती बॅग सामानात देण्यापूर्वीच त्यांच्या खिडकीपाशी जावे.