पिकअपचे टायर घेताना आधी वजन बघा, मग कंपनी

टायरच्या दुकानात पहिला प्रश्न कंपनीचा असतो आणि दुसरा भावाचा. एक टायर किती किलो पेलतो, हे विचारणारा गाडीमालक क्वचितच दिसतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा न विचारलेल्या याच प्रश्नाचं उत्तर रस्त्यावर मिळतं.

मागच्या चाकांवर किती येतं?

कापसाची गाडी डोंगराएवढी दिसते, पण जागा आधी संपते आणि वजन मर्यादेच्या आतच राहतं. खत आणि सिमेंटचं उलटं आहे. युरियाची गोणी ४५ किलोची, सिमेंटची ५० ची. सिमेंटच्या ३० गोण्या म्हणजे दीड टन, आणि हौदा अर्धा रिकामाच दिसतो. सगळ्यात फसवं पाणी. उन्हाळ्यात संत्र्याचा बगिचा जगवायला हौद्यात प्लास्टिकची टाकी ठेवतात. २,००० लिटर पाणी म्हणजे सरळ दोन टन, टाकीचं आणि माणसांचं वजन वेगळं. १.७ टनाची पिकअप असेल तर टाकी काठोकाठ भरली की गाडी ओव्हरलोड झालीच.

आता आरसी काढा. त्यात भरलेल्या गाडीचं एकूण वजन असतं. मालवाहू गाडीला प्रत्येक एक्सलचं नोंदणीकृत वजनही दिलेलं असतं. आपल्याला मागच्या एक्सलचा आकडा हवा, कारण बहुतेक माल तिथेच बसतो. प्रत्यक्षात काय होतं ते बघायचं असेल तर जिनिंगच्या किंवा बाजार समितीच्या वजनकाट्यावर भरलेली गाडी न्या आणि फक्त मागची दोन चाकं काट्यावर उभी करायला सांगा. काटेवाला आधी कुरकुर करेल, पण दोन मिनिटांचं काम आहे.

समजा, आकडा २,१०० किलो आला. मागे दोनच चाकं, म्हणजे एका टायरवर १,०५० किलो.

टायरवरचा आकडा

टायरच्या बाजूच्या भिंतीवरून बोट फिरवा. मापाच्या पुढे १०८/१०६ असं काही कोरलेलं असतं आणि त्याला लागून एक इंग्रजी अक्षर. हा लोड इंडेक्स. १०८ म्हणजे १,००० किलो, ११० म्हणजे १,०६०, ११२ म्हणजे १,१२० आणि ११४ म्हणजे १,१८०. तिरप्या रेघेआधीचा आकडा एका बाजूला एकच चाक असलेल्या एक्सलसाठी, नंतरचा जोडचाकांसाठी. पिकअपला पहिलाच लागू. वरच्या हिशेबात ११० कसाबसा पुरतो, पण खड्ड्यात आदळताना भार क्षणभर वाढतो, म्हणून ११२ घ्यावा. कंपनीने गाडीला दिलेल्या इंडेक्सच्या खाली मात्र कधीच जाऊ नका, दुकानदार कितीही 'चालते हो भाऊ' म्हणाला तरी.

शेवटचं अक्षर वेगाचं असतं. एल म्हणजे ताशी १२० किलोमीटर, एन १४०, क्यू १६०. ८ पीआर, १० पीआर (पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, थरांची श्रेणी) या खुणांवर लोक फार विसंबतात. त्या मजबुतीची श्रेणी सांगतात, आत तितके थर असतातच असं नाही. किलोचा नेमका हिशेब लोड इंडेक्सच देतो.

जास्त इंडेक्सचा टायर लावल्याने गाडीची क्षमता वाढत नाही, हेही सांगून ठेवतो. पाटे, ब्रेक, एक्सल तेच राहतात. आणि ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो, वरच्या प्रत्येक टनाला २,००० वेगळे.

नायलॉन की रेडियल?

नायलॉन म्हणजे नायलॉनच्या तिरक्या धाग्यांचे थर असलेला जुन्या पद्धतीचा टायर, रेडियल म्हणजे आडव्या धाग्यांचा आणि नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असलेला. कोणता घ्यायचा, हे रस्त्यावर अवलंबून आहे. रोजची फेरी पांदण रस्त्याने, पऱ्हाटीच्या खुंटांतून आणि गिट्टीवरून होत असेल तर नायलॉनची जाड बाजू कापाला बरी टिकते. डांबरी रस्ता जास्त असेल तर रेडियल. तो कमी तापतो, डिझेल वाचवतो आणि जास्त चालतो. समृद्धी महामार्गावर भरली गाडी तासन्‌तास पळवणाऱ्याने तर रेडियलच घ्यावा. एका एक्सलवर दोन्ही जाती मिसळू नका. काळ्या मातीतून वाट काढायची असेल तर मागे अर्ध्या लगची, म्हणजे कडेला जाड ठोकळे असलेली नक्षी आणि पुढे सरळ रेघांची रिब, ही जोडी माझ्या मते इकडे सगळ्यात सोयीची.

पैसे देण्याआधी

आयएसआय खूण बघा. टायर कधी बनला हे कळायला त्याच्या बाजूवरच्या लंबगोलातले चार आकडे वाचा: २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३वा आठवडा. दुकानात दोन वर्षं पडून असलेला टायर स्वस्तात दिला तरी नको. पुढच्या चाकांना रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला टायरही नको.

हवा

इंडेक्सचं वजन टायर पूर्ण हवेवरच पेलतो. पाच-दहा पौंड कमी असेल तर बाजू जास्त वाकते, आतून तापते आणि थर सुटतात. टायर फुटण्यामागे बहुतेकदा हेच असतं. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना, भरल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. दुपारी तापल्यावर दाब वाढलेला दिसतो, तेव्हा हवा सोडू नका. संध्याकाळी थंड झाल्यावर तीच कमी पडते.

खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याने टायर संपला. पावसाळ्याच्या तोंडावर मात्र ३ मिलिमीटरलाच बदललेला बरा, कारण ओल्या डांबरावर भरली गाडी लवकर थांबत नाही. स्टेपनीही त्याच मापाची आणि त्याच इंडेक्सची ठेवा, आणि हवा तपासताना तिची हवाही बघा.