शालेय वार्तापत्राचे पान लावताना

खानापूर तालुक्यातील आमच्या मराठी शाळेचे वार्तापत्र म्हणजे ए-३ कागदाची एक घडी, अर्थात ए-४ आकाराची ४ पाने. ते माझ्याकडे आले तेव्हा मला टंकलेखन येत होते, पान लावणे येत नव्हते. एकाही मुलाचा मजकूर गाळायचा नाही, या हट्टापायी मी अक्षर १२ वरून ९ पॉइंटवर आणले आणि ओळींमधले अंतरही आवळले.

देवनागरीत ओळीच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. अंतर आवळले की वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत घुसतात, आणि झेरॉक्स काढताना बारीक अनुस्वार उडून जातात. सातवीतील एका मुलीने आजीवर लिहिलेल्या स्वतःच्या लेखात एका शब्दावर बोट ठेवून विचारले, "सर, कुंकूचं कुकू का झालंय?" तिचा तो पडलेला चेहरा मी विसरलेलो नाही.

म्हणून स्पष्ट सांगतो, मजकूर मावत नसेल तर अक्षर लहान करू नका; मजकूर कमी करा, आणि तोही मुलाला शेजारी बसवून. १२ पॉइंटच्या अक्षराला ओळींचे अंतर १८ पॉइंटच्या आसपास ठेवा. इंटरनेटवरचे बहुतेक तयार साचे रोमन अक्षरांच्या मापाने आखलेले असतात. नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊच नये, असे माझे ठाम मत आहे. रकानेही दोनच पाडा, कारण अरुंद रकान्यात दोन्ही कडा सरळ केल्या आणि 'विद्यार्थ्यांसाठी'सारखा लांब शब्द खालच्या ओळीत गेला, की मागे उरलेल्या शब्दांत भगदाडे पडतात.

हे मला शिकवले ते बेळगावच्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरे, जुळवण्यात आयुष्य घालवलेल्या आजोबांनी. ते पान उलटे धरायला लावत, म्हणजे अक्षरे वाचली न जाता काळ्या-पांढऱ्याचा तोल तेवढा दिसतो. स्वतः मात्र त्यांनी माझे एकही पान लावून दिले नाही, आणि मार्गदर्शक असाच असावा.

आमचे एक पान मराठी-कन्नड असते. ६ जानेवारी १८३२ रोजी निघालेल्या 'दर्पण'मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या रकान्यांत असे. तीच रीत आम्ही घेतली. कन्नड जोडाक्षरेही ओळीखाली उतरतात, तेव्हा तेथेही अंतर सैलच लागते.

पहिले दोन-तीन अंक मनासारखे निघणार नाहीत, पण त्याने खचू नका. सगळ्या प्रती काढण्याआधी एकच झेरॉक्स काढून एखाद्या मुलाला मोठ्याने वाचायला द्या, आणि तो जेथे अडखळेल तेथे पेन्सिलने खूण करा.