कमाटीबागेत दर रविवारचा रनिंग ग्रुप कसा सुरू करायचा आणि मुख्य म्हणजे टिकवायचा कसा

रनिंग ग्रुप सुरू करणं तसं सोप्पं आहे, व्हॉट्सॲपवर ग्रुप बनवला, उगवत्या सूर्याचा डीपी ठेवला, झालं. आणि असे बरेचसे ग्रुप महिन्याभरात गार पण पडतात. होतं काय की दोघं-तिघं जोरात पळणारे असतात ते पुढे निघून जातात, मागे कोणीतरी काकू नाहीतर नवीन आलेला पोरगा धापा टाकत एकटाच राउंड मारतो, पुढच्या रविवारी तो येत नाही, आणि मग पुढचे म्हणतात लोकांना डेडिकेशनच नाही हो. माझं सरळ म्हणणं असं की ग्रुप बांधायचाच असेल तर सगळ्यात मागच्या माणसापासून बांधायला घ्या, पुढच्यांचं काय, ते एकटे पण पळतातच.

खाली जे लिहिलंय ते बडोद्याच्या कमाटीबागेला धरून आहे. कागदोपत्री सयाजीबाग, पण रिक्षावाल्याला सयाजीबाग सांगून बघा, तो पण एकदा "कमाटीबाग ने?" असं विचारून घेतो. तुमची बाग दुसरी असेल तरी बरंचसं लागू पडेल.

आधी वार आणि वेळ, आणि मग ती हलवायची नाही

शनिवारी बऱ्याच जणांना ऑफिस, दुकान, शाळा असते, म्हणून रविवारच बरा. वेळ वर्षातून दोनदाच बदलायची, गुढीपाडव्यानंतर सव्वासहा आणि दिवाळीनंतर सात. जानेवारीत आपल्याकडे उजाडायलाच सात वाजतात, अंधारात नवीन माणूस (खास करून एकट्या येणाऱ्या बायका) येणार नाही, आणि मे महिन्यात सात म्हणजे घामाघूम, तेव्हा सूर्य सहाच्या सुमारासच वर आलेला असतो.

आता एक गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते. शनिवारी रात्री ग्रुपवर "उद्या कोण कोण येतंय?" असं विचारायचं नाही. पोल तर अजिबात टाकायचा नाही. विचारलं की लोक विचार करायला लागतात, दोघांनी "सॉरी, लग्न आहे" लिहिलं की बाकीच्यांना पण आठवतं आपल्याला पण काहीतरी आहे, आणि सकाळी तुम्ही एकटेच. त्यापेक्षा एकच ओळ टाकायची, "उद्या सव्वासहा, फ्लोरल क्लॉकपाशी" (बागेतलं ते फुलांचं घड्याळ). कोणी येवो न येवो रन होणारच आहे हे लोकांना कळलं की ते दोन महिन्यांनी पण न विचारता परत येऊ शकतात, आणि ग्रुप टिकतो तो अशा परत येणाऱ्यांवरच.

जागा आणि रूट

बाग 1879 मध्ये महाराज सयाजीराव गायकवाडांनी लोकांसाठी खुली केली, शंभर एकरांच्या वर आहे, सावली भरपूर, आत रस्ते रुंद. तरी पण लांबलचक रूट आखायचा मोह टाळा. छोटा गोल निवडा, किलोमीटर-सव्वा किलोमीटरचा, फोनमधल्या कुठल्याही रनिंग ॲपने एकदा चालत मोजून घ्या. छोट्या गोलाचा फायदा असा की पुढचे मागच्यांना सारखे भेटत राहतात, "चला काकू, मस्त" म्हणून पुढे जातात, दमलेला माणूस राउंड संपला की थांबू शकतो, पाण्याच्या बाटल्या आणि गाड्यांच्या चाव्या एका बाकावर एकाच्या नजरेखाली राहतात. झूकडचा भाग सोडा, तिथे गर्दी पण होते आणि जनावरांना उगाच कशाला त्रास.

आणि अंतराऐवजी वेळ ठरवा. चाळीस मिनिटं. ज्याला जेवढे राउंड जमतील तेवढे, चाळीस मिनिटं झाली की जिथे असाल तिथून चालत परत. पाच किलोमीटर ठेवलं की जोरवाला पंचवीस मिनिटांत मोकळा होऊन मोबाईल बघत बसतो आणि शेवटच्याला वाटतं सगळे आपल्यासाठी खोळंबलेत, ते ओझं फार वाईट असतं. वेळ ठरवली की सगळे एकदमच संपवतात. टायमिंगची हौस असलेल्यांसाठी महिन्यातून एकदा पाच किलोमीटर ठेवा, बास.

परवानगीचं म्हणाल तर बाग महानगरपालिकेची आहे. पाच-दहा जण पळत असतील तर कोणी काही म्हणत नाही, पण बॅनर, स्पीकर, टेबल असलं काही लावायचं असेल तर आधी पालिकेच्या बागखात्यात जाऊन लेखी विचारा. खरं सांगू, यातलं काहीच लावू नका.

शेवटचा गडी

हा या सगळ्या लेखातला मुख्य भाग. दर रविवारी एक जण ठरवून सगळ्यात मागे राहणार. त्याच्या मागे कोणी नाही, म्हणजे नवीन माणूस कितीही हळू असला तरी तो शेवटचा नसतोच.

ही कल्पना माझी नाही. इंग्लंडमध्ये पार्करन नावाचा प्रकार आहे, पॉल सिंटन-हेविट या माणसाने 2004 च्या ऑक्टोबरात लंडनच्या बुशी पार्कात सुरू केला, पहिल्या दिवशी पळणारे 13 जण. तो स्वतः तेव्हा दुखापतीमुळे पळू शकत नव्हता, मित्रांच्या भेटीगाठी तरी चालू राहाव्यात म्हणून त्याने हे काढलं, आणि नंबराची टोकनं म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले वॉशर वापरले. आज तो प्रकार कितीतरी देशांत दर शनिवारी चालतो, फुकट, सगळं काम स्वयंसेवक करतात, आणि त्यात शेवटून चालणारा एक स्वयंसेवक ठरलेलाच असतो. आपल्याला वॉशर नकोत, शेवटचा गडी मात्र हवाच.

त्याचं काम काय? सुरुवातीला माणसं मोजायची आणि शेवटी परत मोजायची, हे पहिलं. बरोबर फोन, थोडे पैसे, पाण्याची बाटली, ओआरएसचं एक पाकीट. आणि गप्पा मारायच्या. शिकवायचं नाही! "श्वास असा घ्या, टाच अशी टेकवा" हे ऐकायला माणूस सकाळी उठून आलेला नसतो. कुठे राहता, दांडियाबाजारात का, मग अमक्यांना ओळखत असाल, इथपर्यंत गाडी आली की तो माणूस पुढच्या रविवारी येणार म्हणून समजा.

ही पाळी सगळ्यांना लावा, सगळ्यात फास्ट पळणाऱ्याला तर आधी. तो कुरकुर करेल की माझं ट्रेनिंग बुडतं. बुडू दे एक रविवार, आठवड्यात अजून सहा दिवस आहेत.

नवीन माणूस आला की

तो बहुतेक वेळा आधी लांब ॲक्टिवावर बसून तुमच्याकडे बघत असतो. तेवढ्यात त्याला एकसारखे टी-शर्ट घातलेले, घड्याळं दाबणारे, पाय ताणणारे पंधरा जण दिसले की तो किक मारून परत जातो. म्हणून निदान पहिलं वर्षभर ग्रुपचा टी-शर्ट छापून घेऊ नका. कोणीतरी एकाने लोकांकडे पाठ न करता गेटकडे तोंड करून उभं राहायचं, आणि अनोळखी चेहरा दिसला की आपण होऊन जायचं.

नाव विचारा. वजन विचारू नका, "वजन कमी करायला का?" हा प्रश्न तर अजिबातच नको, लोक सहज विचारतात आणि समोरच्याचा चेहरा उतरतो ते दिसत पण नाही त्यांना. पंजाबी ड्रेसवर आलेल्या मावशींना "ट्रॅकपँट घाला ना" असं सुचवायला जाऊ नका. बूट मात्र बघा, चपलेवर पळू देऊ नका. महागडे नकोत, पुढे अंगठ्याएवढी जागा असलेले कुठलेही स्पोर्ट शूज चालतात.

आणि आपल्या बडोद्याच्या मराठी लोकांसाठी एक खास सूचना. आपण चार जण जमलो की नकळत मराठीत सुरू होतो, मग पुण्याचं लग्न, गणपतीची वर्गणी, सगळं निघतं, आणि एखादे पटेलभाई नाहीतर शाहबेन बाजूला हसरा चेहरा करून उभे राहतात. बिचारे काही बोलत नाहीत. गुजराती आपल्याला येतंच की, जन्म गेला इथे, तर समोरचं माणूस बघून वळवा गाडी. "आवो ने, धीमे धीमे दोडीशुं" (या ना, हळूहळू पळू) एवढं म्हटलं तरी पुरतं.

पहिल्या दिवशी किती पळायचं

कमी. अगदीच कमी. पाच मिनिटं भरभर चालणं, मग 1 मिनिट हळू पळणं आणि दीड मिनिट चालणं, असं वीस मिनिटं, पहिल्या दिवशी बास, मग उरलेला वेळ चालत राउंड. वेग बरोबर आहे का ते ओळखायची सोपी ट्रिक म्हणजे पळता पळता पूर्ण वाक्य बोलता यायला पाहिजे, दोन शब्दांवर दम लागला की वेग कमी करा. आठवड्यात एकच दिवस पळून दम काही वाढत नाही, अजून दोन दिवस घराजवळ एवढंच करायला सांगा.

चाळिशीच्या पुढचे, बीपी-शुगरवाले, हार्टची हिस्टरी असलेले यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरू करायचं, हे पहिल्या दिवशी तोंडावर सांगा, लाजू नका. पळताना छातीत दाब, डाव्या हातात नाहीतर जबड्यात दुखणं, गार घाम, डोळ्यापुढे अंधारी, यातलं काही पण झालं तर "गॅस असेल" म्हणत बसायचं नाही, लगेच थांबवून बसवायचं आणि 108 ला फोन. प्रत्येकाच्या घरचा एक नंबर ग्रुपच्या ॲडमिनकडे असू दे.

पाणी आधी थोडं, नंतर थोडं. चाळीस मिनिटांच्या पळण्याला एनर्जी ड्रिंक वगैरे काही लागत नाही, साधं पाणी पुरतं. एप्रिल-मे मध्ये जास्तच घाम गेला असेल तर ओआरएस, घरी करायचं झालं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा हं.

बाग आपल्या एकट्याची नाही

सकाळी तिथे योगावाले असतात, हसणारे असतात, नातवाला घेऊन आलेले आजोबा असतात, आणि ते तुमच्या आधीपासून तिथे येतायत. डाव्या बाजूने, जास्तीत जास्त दोघं-दोघं. पुढे जायचं तर लांबूनच हळू आवाजात "काका, उजवीकडून येतोय", एकदम कानाजवळ दणदण पाय वाजवत गेलात तर म्हातारं माणूस दचकून पडेल. कुत्री दिसली तर पळणं थांबवून चालायला लागायचं, नजरेला नजर द्यायची नाही. फोटो काढायचा असेल तर विचारून, काही जणांना घरच्यांनी फेसबुकवर बघायला नको असतं, त्यांची कारणं त्यांच्यापाशी.

आपलं कॅलेंडर

उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचे पतंगाचे दिवस, 14 आणि 15 जानेवारीला, पण मांजा त्याच्या आधीपासून आणि नंतर कितीतरी दिवस झाडांवर, तारांवर, रस्त्यावर लोंबत असतो आणि पळणाऱ्याच्या गळ्याला पायाला लागतो. त्यानंतरच्या रविवारी पळूच नका, सगळे हातमोजे आणि एकेक पिशवी घेऊन या आणि चालत चालत दोऱ्याचे गुंते गोळा करा, पक्ष्यांचे पण पाय अडकतात त्यात. असा रविवार ग्रुपला फार जोडतो, पळण्यापेक्षा जास्तच.

नवरात्रात रात्री एक-दोनपर्यंत गरबा खेळून आलेल्याला सव्वासहाला पळवणं म्हणजे शिक्षा आहे, त्या रविवारी फक्त चालणं ठेवा, जो येईल तो येईल.

पावसाळ्यात साधा पाऊस असेल तर पळा, मजा येते, फक्त लाद्या आणि शेवाळ सांभाळा. वीज कडकडत असेल तर नाही. विश्वामित्रीला पूर आला की मात्र बागेकडे फिरकायचंच नाही, नदी बागेला लागून वाहते, तिच्यात मगरी आहेत, आणि ऑगस्ट 2024 च्या पुरात त्या वस्तीत शिरल्या होत्या ते सगळ्यांनी बघितलंय. पाणी उतरलं तरी पालिकेची सफाई होईपर्यंत दुसरी जागा बघा.

नाश्ता

टाळू नका. अर्धे लोक त्यासाठीच येतात आणि त्यात वाईट काही नाही. फाफडा-जलेबी, सेवउसळ, नाहीतर नुसता चहा, जागा बागेपासून चालत जाण्याइतकी जवळ हवी, गाडी काढली की माणसं पांगतात. पैसे ज्याचे त्याने, तिथल्या तिथे. एक जण भरतो मग बाकीचे नंतर देतात हा प्रकार चालू केला की दोन महिन्यांत कोणीतरी मनातल्या मनात हिशोब ठेवायला लागतं. फी, स्पॉन्सर, प्रोटीन पावडर विकणारा मित्र, हे तिन्ही बाहेर. ग्रुपवर गुड मॉर्निंग आणि राजकारण पण बाहेर, एकदा टाकलं तर प्रेमाने सांगायचं, परत टाकलं तर ॲडमिनने काढून टाकायचं.

तुम्ही नसाल तेव्हा

पहिले काही रविवार दोघं-तिघंच येतील, तेवढ्यांनी पण पळायचं, वेळेवर. मग सहा-सात जण नेमाने यायला लागले की लगेच दुसरा ॲडमिन करा, शक्यतो वेगळ्या वयाचा आणि वेगळ्या एरियातला, तुम्ही रावपुऱ्यातले तर तो मांजलपूरचा नाहीतर फतेगंजचा. एक रविवार मुद्दाम जाऊ नका आणि बघा रन होते का. शनिवारची ती एक ओळ, शेवटच्या गड्यांच्या पाळ्या, घरच्यांच्या नंबरांची यादी आणि ओआरएसचं पाकीट कोणाकडे आहे, एवढं त्याला माहीत असलं की तुम्ही दिवाळीत पंधरा दिवस नाशिकला जाऊन आलात तरी चालतं.