पीस शॉर्ट आला की हीटर वाढवू नका : मोल्डिंगमधल्या या चुका टाळा

वसईचे गाळे असोत की साकीनाक्याच्या जुन्या इस्टेटी, प्लास्टिक मोल्डिंगमध्ये पीस अर्धवट भरला, म्हणजे शॉर्ट आला, की सेटरचा (मशीन लावणाऱ्याचा) हात आधी बॅरलच्या, म्हणजे प्लास्टिकचा दाणा वितळवणाऱ्या नळीच्या, टेम्परेचरकडे जातो. या सवयीचा मला मनापासून राग येतो, कारण तिने पीस भरतो आणि माल मरतो.

पाण्यावर कितीही जोर लावा, ते तेवढंच पातळ राहतं. वितळलेल्या प्लास्टिकचं तसं नाही. पॉलिमरच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्या जोरात ढकलल्या की प्रवाहाच्या दिशेने सरळ होतात, गुंता सैल पडतो आणि माल पातळ होतो. म्हणजे वेग वाढवला की माल आपोआप सुटतो. शिवाय डाय, म्हणजे साचा, थंड असते, त्यामुळे माल शिरताक्षणी भिंतीलगत एक थर गोठतो आणि पुढचा माल मधल्या वाटेने जातो. हळू भराल तर हा थर जाड होत जातो, वाट अरुंद होते आणि लांबचा कोपरा रिकामा राहतो.

एका गाळ्यात पांढऱ्या एबीएस प्लास्टिकचं मिक्सरचं बूड चालू होतं. गेटपासून, म्हणजे माल डायमध्ये शिरतो त्या तोंडापासून, लांबचा कोपरा भरत नव्हता. सेटरने बॅरल २३० अंशांवरून २४५ केलं, मग २६०, आणि रात्रपाळीत कुणीतरी २७५ वर नेलं. सकाळी पीस भरलेले होते, पण पिवळट. स्क्रू पिळला की बॉसला (स्क्रू बसतो त्या उंचवट्याला) तडा जायचा. एबीएसला चिवटपणा देणारं त्यातलं रबर एवढ्या उष्णतेत खराब होतं, आणि एकदा गेलेला चिवटपणा परत येत नाही. गेट मोठा करायला डायमेकरला निरोपही गेला होता. मी डाय उघडायला लावली. वेंट (हवा जायच्या बारीक फटी) चिकट थराने पूर्ण बुजलेले, म्हणजे कोपऱ्यातली हवा बाहेर पडायला जागाच नव्हती. इंजेक्शन स्पीडही, म्हणजे माल डायमध्ये ढकलायचा वेगही, अगदी खाली होता. मागे कधीतरी फ्लॅश (डायच्या फटीतून निघालेला पातळ पापुद्रा) आला म्हणून कुणी कमी केला आणि तो तसाच राहिला. वेंट पितळेच्या पट्टीने साफ केले, बॅरल परत २३० वर आणलं, स्पीड थोडाथोडा चढवला. कोपरा भरला. गेटला कुणी हात लावला नाही.

माझा क्रम ठरलेला आहे : आधी वेंट, मग स्पीड, मग डायचं तापमान, आणि बॅरल सगळ्यात शेवटी. स्पीड वाढवताना प्रेशरवर नजर ठेवा. ते लिमिटला टेकलं असेल तर स्क्रीनवरचा स्पीडचा आकडा कितीही वाढवा, बॅरलमधला माल ढकलणारा स्क्रू त्याहून जोरात जाणार नाही. याला अपवाद पॉलिकार्बोनेटचा. ते वेगाला फारशी दाद देत नाही, उष्णतेला देतं. तिथे बॅरल थोडं वाढवावं लागतं, पण दाणा नीट सुकलेला असेल तरच.

सुकवण्यावरही दोन शब्द. मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या हॉपरमधला (दाणा टाकायच्या डब्यातला) नायलॉनचा दाणा बघता बघता ओल धरतो. पॉलिकार्बोनेट १२० अंशांवर तीन-चार तास सुकवावं, ओल ०.०२ टक्क्यांच्या खाली हवी. ओला दाणा बॅरलमध्ये गेला की साखळ्या तुटतात, माल पातळ होतो आणि नवशिका म्हणतो, ‘आज मस्त वाहतोय!’ तो वाहत नसतो, कुजत असतो. नुसता ड्रायर चालू दिसला म्हणून माल सुकला असं समजू नका.

आता रबर. प्लास्टिकवर हात बसलेला मुलगा रबराच्या मशीनवर आला की हमखास उलटं करतो, कारण इथे सगळंच उलटं आहे. बॅरल साधारण ७० ते ९० अंश, डाय मात्र १६० ते १८० अंश गरम. पीस भरला नाही म्हणून त्याने बॅरल १२० वर नेलं, तर कंपाऊंड (कच्च्या रबराचं मिश्रण) सुरुवातीला पातळ होतं आणि त्याला वाटतं जमलं. मग बॅरलमध्येच साखळ्या एकमेकींना बांधल्या जाऊ लागतात आणि माल घट्ट व्हायला लागतो. पिसात गाठी येतात, नोझल (बॅरलचं टोक) बंद पडतो. तो माल ग्राइंड करून पुन्हा वितळवता येत नाही, सरळ भंगारात जातो. स्क्रू जोरात फिरवला तरी घर्षणाने हेच होतं, बॅरलचा आकडा बरोबर दिसत असला तरी. म्हणून रबराला वेग द्यायचा तो इंजेक्शनच्या वेळी, नोझल आणि गेटमधून जाताना. तिथली उष्णता कामी येते, कारण पुढे लगेच गरम डाय असते. आणि कंपाऊंड पत्र्याच्या शेडखाली मे महिन्यात ठेवू नका. मशीनवर चढण्याआधीच त्याचा वेळ संपत येतो.

एमएफआय (वितळलेला माल किती वाहतो त्याचा आकडा) सारखा म्हणून स्वस्त दाणा उचलू नका. पीपीची (पॉलिप्रॉपिलीनची) ती चाचणी २३० अंशांवर २.१६ किलोच्या वजनाने, अगदी संथ होते. गेटमधला वेग त्याच्या शेकडो पट असतो, तिथे माल कसा वागेल ते त्या आकड्यावरून कळत नाही.

होल्ड टाइम (भरल्यावर दाब धरून ठेवायचा वेळ) अंदाजाने लावू नका. तो वाढवत जा आणि प्रत्येक पीस काट्यावर ठेवा. वजन वाढायचं थांबलं की गेट गोठला.

पीव्हीसी आणि अ‍ॅसिटल एकाच बॅरलमध्ये कधीही एकत्र येऊ देऊ नका. मध्ये पॉलिथीनने बॅरल पूर्ण धुऊन काढा, घाई कितीही असो.