ब्लॉकेजचे टक्के आणि हार्ट अटॅकचा धोका: रिपोर्ट कसा वाचावा

स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली म्हणजे अटॅकची भीती टळली, हा समज आधी मनातून काढा. ट्रेडमिलवर ईसीजी बदलतो तो साधारणपणे धमनी ७० टक्क्यांच्या आसपास अरुंद झाल्यावर. पुष्कळ अटॅक मात्र त्याहून लहान ब्लॉकेजमधून येतात. हे ब्लॉकेज ज्याने होतं तो प्लाक म्हणजे नळीत अडकलेला गाळ नव्हे. ती धमनीच्या अस्तराखाली, भिंतीतच साठलेली चरबी असते. तिच्यावर तंतूंचं आवरण असतं. आतली सूज वाढली की ते पातळ होऊन फाटतं, चरबी रक्ताच्या संपर्कात येते आणि तिथे गुठळी धरते. कालपर्यंत जिने चढणारा माणूस आज कोसळतो तो यामुळे.

म्हणून टक्क्यांआधी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, बघा. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, वजा करा. २१० मधून ३८ गेले, उरले १७२. हे नॉन-एचडीएल, म्हणजे भिंतीत शिरू शकणाऱ्या सगळ्या कणांमधलं कोलेस्टेरॉल. यासाठी उपाशीपोटी रक्त देण्याची गरज नसते. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, अनेक लॅब थेट न मोजता सूत्राने काढतात. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, ४०० च्या वर असेल तर एलडीएलचा तो आकडा धरू नका.

रिपोर्टवर एलडीएलपुढे छापलेली ‘१०० च्या आत नॉर्मल’ ही ओळ सगळ्यांना लागू नाही. अटॅक येऊन गेला असेल तर एलडीएल ५५ च्या खाली हवं, मधुमेह असेल तर बहुतेकांना ७० च्या खाली. नॉन-एचडीएलचं लक्ष्य त्यापेक्षा ३० ने जास्त धरा.

वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर लायपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण, आयुष्यात एकदा तपासाच. ते डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका आनुवंशिक आहे. पथ्याने तो आकडा फारसा हलत नाही, म्हणून एलडीएल, रक्तदाब, साखर आणि तंबाखू यांवर जास्त कडक राहावं लागतं.

कॅल्शियम स्कोअर म्हणजे हृदयाच्या धमन्यांत साठलेल्या कॅल्शियमचा आकडा. त्याचा सीटी स्कॅन डाय न देता होतो. १०० च्या वर आला तर स्टॅटिनबद्दल, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीबद्दल, डॉक्टरांशी बोलाच. शून्य आला तर दिलासा आहे, पण मऊ प्लाक त्यात दिसत नाही. सिगारेट ओढणाऱ्याने किंवा मधुमेहीने त्यावर विसंबू नये. स्टॅटिन सुरू केल्यावर स्कोअर वाढू शकतो, कारण मऊ प्लाक कडक आणि स्थिर होतो. तेवढ्यावरून गोळी बंद करू नका. ही चूक फार महागात पडते.

अटॅकची लक्षणं: छातीत दडपण, जबडा किंवा हात दुखणं, गार घाम. स्त्रियांत आणि मधुमेहींत नुसता दम किंवा पोटाच्या वरच्या भागात जळजळ. ‘गॅस असेल’ म्हणून थांबू नका. १०८ ला फोन करा, स्वतः गाडी चालवू नका. ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर साध्या ॲस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खा. शेजाऱ्याने दिलेली सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, जिभेखाली ठेवू नका. रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर ती जिवावर बेतू शकते.